उपजेला आवर्तन हवं



उत्स्फूर्त लेखनाचा विषय निघाला की एक किस्सा हमखास सांगितला जातो. १९५१ च्या एप्रिलमध्ये जॅक केरुआक हा अमेरिकन लेखक न्यूयॉर्कमध्ये टाइपरायटरपुढे बसला. दर पानाला कागद बदलताना तंद्री मोडू नये म्हणून त्याने कागद जोडून लांबलचक गुंडाळी केली होती. तीन आठवड्यांत सुमारे १२० फूट मजकूर झाला, आणि त्यात परिच्छेद म्हणून कुठे पाडलेला नाही. ‘ऑन द रोड’ ही कादंबरी ती हीच.

किस्सा खरा आहे, पण अर्धा. ही कादंबरी ज्या भटकंतीवर आहे, तिच्या टिपणवह्या तो कित्येक वर्षं भरत होता. कादंबरीची सुरुवातही त्याने आधी पुन्हा पुन्हा करून पाहिली होती. मजकूर होता, सूर लागत नव्हता. डिसेंबर १९५० मध्ये नील कॅसडी या मित्राचं लांबलचक पत्र आलं. हकिकत धावते आहे, मध्येच फाटा फुटला की तिकडे वळते आहे, पुन्हा मूळ रस्त्याला लागते आहे. आपण असं लिहायला हवं, हे केरुआकला त्या पत्राने दाखवलं.

मला त्या गुंडाळीपेक्षा हे पत्र मोलाचं वाटतं. पत्र लिहिताना समोर एक माणूस असतो. त्याला काय आधीच ठाऊक आहे, कुठे तो हसेल, कुठे ‘मग पुढे?’ म्हणेल, हे आपल्याला माहीत असतं आणि वाक्य त्या अंदाजाने वळतं. आपल्याकडे शाळेतल्या निबंधापासूनच हा माणूस समोरून उठवला जातो. मग कुणाचीच नसलेली, नेमून दिल्यासारखी वाक्यं येऊ लागतात, आणि मोठेपणी कथा लिहायला बसलं तरी तीच येतात.

समोर माणूस हवा, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट बंधनाची. ‘मेक्सिको सिटी ब्लूज’ या केरुआकच्या १९५९ च्या कवितांच्या पुस्तकात २४२ ‘कोरस’, म्हणजे कविता, आहेत. खिशातल्या छोट्या वहीचं पान संपलं की कोरस संपला. काही उरलं तर ते पुढच्या पानावर. जॅझचा वादक ठरलेल्या आवर्तनात उपज करतो, तसं. ख्याल ऐकत आलेल्यांना हे पटवून द्यायला नको. गवयाला समेवर यायचं असतं, म्हणून तर तो मधल्या जागेत इतका मोकळा फिरतो. लेखकाला सम कुणी देत नाही, ती त्याने स्वतः ठरवून घ्यावी लागते: एवढंच पान, किंवा एकच प्रसंग.

एकदा उमटलेलं बदलू नये, असा केरुआकचा पुढे आग्रह होता. मला तो मान्य नाही. त्याची स्वतःची कादंबरी १९५७ मध्ये छापून येईपर्यंत तिच्यात फेरफार झालेच, खऱ्या माणसांची नावंही बदलली गेली. प्रश्न काय बदलायचं हा आहे. ‘आजी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली नि म्हणाली, एवढा उशीर?’ असं पहिल्या झपाट्यात आलेलं वाक्य पक्क्या प्रतीत ‘आजी चिंतातुर होऊन प्रतीक्षा करीत होती’ असं होतं. नवोदितांच्या हस्तलिखितांत हे वारंवार दिसतं आणि जीव तुटतो. पिठाचे हात त्या लेखकाने पाहिलेले होते. कापायचंच असेल तर त्या वाक्याच्या आधी घातलेला प्रस्तावनेचा परिच्छेद कापावा.