राहिलेला पेपर

(मंडळाच्या वर्धापनदिनी सिद्धेश्वर येथे केलेले भाषण)



आजच्या दिवशी स्त्रीशिक्षणावर चार शब्द बोलावेत अशी मला सूचना झाली. स्त्रीशिक्षणाचे महत्त्व आपणांला कोणी नव्याने सांगावे, असे दिवस आता उरले नाहीत. आपल्या लेकी बारावी होतात, महाविद्यालयात नावही घालतात. पण नाव घालणे आणि पदवी हाती येणे यांच्या मधल्या वाटेवर कितीजणी थांबल्या आहेत, याचा हिशेब आपण मांडत नाही. मी जन्मभर इतिहास शिकवला. म्हणून आज एवढेच सांगते, की इतिहास घेऊन बी. ए. पुरे करावयाचे म्हणजे नेमके काय काय पुरे करावे लागते.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी पदवी फार लांब होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथील शिक्षण उर्दूतून. मराठी मुलीने घर सोडून, परक्या शहरात, परक्या भाषेत शिकावयाचे, ही गोष्ट किती घरांना झेपणार होती? १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी त्या वेळच्या औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले आणि आपला हिंगोली जिल्हा आज त्याच्याच कक्षेत आहे. औंढा, वसमत, हिंगोली येथे महाविद्यालये आहेत. म्हणजे पाहा, हैदराबादेहून औरंगाबाद, तेथून नांदेड, आणि नांदेडहून औंढा अशी पदवी चालत चालत आपल्या उंबऱ्यापाशी आली. आता जे अंतर राहिले ते घरातले आहे, आणि कागदपत्रांचे आहे.

प्रथम कागदाचे सांगते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यास श्रेयांकांनी मोजतात. मुली त्याला क्रेडिट म्हणतात. साधारण पंधरा तासांच्या शिकवणीला एक श्रेयांक धरतात. एका वर्षाची दोन सत्रे, तीन वर्षांची सहा. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात आणि चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यावयाची असेल तर १६० ते १७६. नेमका आकडा व त्याची विभागणी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. ते पत्रक प्रवेशाच्या दिवशीच मागून घ्यावे आणि भाकरीच्या पिठाच्या डब्याइतके जपून ठेवावे.

हे सगळे श्रेयांक इतिहासाचेच असतात असे मात्र नाही, आणि गाडी अडते ती येथेच. मुख्य विषय इतिहास. त्यात मराठ्यांचा इतिहास, आधुनिक भारत, जगाचा इतिहास, इतिहासलेखनाची पद्धती असे पेपर येतात. त्याच्या जोडीला एक उपविषय. शिवाय भाषा, दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, कौशल्याचा अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानपरंपरा, पर्यावरण व मूल्यशिक्षण, क्षेत्रप्रकल्प, कार्यप्रशिक्षण. प्रत्येक पेपराला अंतर्गत गुण वेगळे आणि विद्यापीठाच्या परीक्षेचे वेगळे. वर्गातली हजेरीही मोजली जाते. मुलगी मोठ्या पेपरांची काळजी घेते, रात्र-रात्र जागून पानिपत पाठ करते, आणि दोन श्रेयांकांचा एखादा लहानसा पेपर सहज म्हणून सोडून देते. विद्यापीठाच्या हिशेबात मात्र सहज असे काही नसते. भांडे घासताना कडा राहिल्या तर भांडे घासले असे आपण म्हणतो का? तसेच हे आहे.

माझ्या पाहण्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ती जुन्या अभ्यासक्रमाची. इतिहासाचे सगळे पेपर तिने चांगल्या गुणांनी सोडवले. दुसऱ्या वर्षी पर्यावरणाचा एक पेपर सर्वांनाच सक्तीचा होता. त्या परीक्षेच्या आठवड्यात ती बाळंतपणाला माहेरी होती. पुढे तिसरे वर्ष झाले, घरच्यांनी पेढे वाटले, आणि पदवी झाली असे सगळे समजून चालले. काही वर्षांनी अंगणवाडीच्या मुख्यसेविकेची जागा निघाली. त्या जागेला पदवी लागते. कागद काढून पाहिले तर पदवी प्रमाणपत्र नव्हतेच, त्या एका पेपरासाठी निकाल अडकून राहिला होता. फेरपरीक्षेचा अर्ज भरून तिने तो पेपर सोडवला आणि ती पास झाली. जागा तोवर गेली होती. ती मला म्हणाली, “बाई, पेपर राहिल्याचं दुःख नाही, राहिलाय हे मला कुणी सांगितलंच नाही.” भगिनींनो, हे सांगण्याचे काम आपले मंडळ करू शकते.

आता घरातले अंतर. आपल्याकडे मुलीच्या पदवीच्या मधोमध लग्न येते. नवे नियम याला थोडी वाट करून देतात. पहिले वर्ष पुरे करून थांबावे लागले, तर त्या वर्षाचे श्रेयांक आणि वर चार श्रेयांकांचे कौशल्याचे किंवा कार्यानुभवाचे काम केल्यावर प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनी थांबल्यास याच रीतीने पदविका मिळते. थांबलेल्या मुलीला तीन वर्षांच्या आत परत येता येते; मात्र सगळा अभ्यास सात वर्षांत पुरा झाला पाहिजे. मिळवलेले श्रेयांक तिच्या नावावर श्रेयांक-पेढीत जमा राहतात. ही पेढी २०२१ पासून सुरू आहे. बाळंतपणासाठी विद्यार्थिनींना रजा व हजेरीत सवलत देण्याचे नियम विद्यापीठांनी करावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये कळवलेले आहे. तेव्हा दिवस गेलेल्या सुनेचे नाव काढून टाकण्याआधी प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा. तोंडी विचारलेल्याचे उत्तर वाऱ्यावर जाते. लेखी अर्जाची मात्र पोच मिळते.

सून बाहेरून आली असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. वाशीमकडची मुलगी अमरावती विद्यापीठाची, जालन्याकडची छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाची. तिला इकडे शिकावयाचे असेल तर पहिल्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि सर्व सत्रांची गुणपत्रके लागतात. ती माहेरच्या ट्रंकेत राहू देऊ नयेत. दुसरी गोष्ट नावाची. बारावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, अशाने श्रेयांकांचे खाते जुळत नाही. पदवी हाती येईपर्यंत सर्व कागदांवर एकच नाव ठेवावे हे उत्तम. बदलावयाचेच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद करून सगळीकडे एकदम बदलावे.

ज्यांना रोज औंढ्याला जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. घरी अभ्यास करावा, ठरल्या दिवशी अभ्यासकेंद्रात जावे, परीक्षा द्यावी. दहावी-बारावीच राहिली असेल तिने राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा द्यावी आणि मग पुढे जावे. वयाची लाज धरू नये. परीक्षेच्या खोलीत सर्वांचा बाक सारखाच असतो.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप करून इतिहासच का? नोकरीला कोणतीही पदवी चालते, हे खरे. पण इतिहासाच्या विद्यार्थिनीला आपले गाव हेच पुस्तक होते. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी सरकारी नोकरी सांभाळून फारसी कागद वाचीत राहिले आणि मोठे इतिहासकार झाले. तेही आपल्याच मराठवाड्याचे. क्षेत्रप्रकल्प करावयाचा तर मुलींनी दूर कशाला जावे? शेजारी औंढ्याचे नागनाथाचे प्राचीन देऊळ आहे, जिल्ह्यात नामदेवांचे नरसी आहे. आणि आपल्या डोळ्यांसमोर पूर्णा नदीवरचे हे धरण आहे. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर, अशी ही पूर्णा प्रकल्पाची जोडी १९६८ साली पुरी झाली. धरणाची लांबी-उंची सरकारी कागदांत मिळेल. पण पाणी चढू लागले तेव्हा कोणती शेते गेली, कोणत्या बाईने चूल कुठे हलवली, मातीकामावर कोण गेल्या, रोज किती मिळे, हे कोणत्या पुस्तकात मिळणार? त्या काळी ज्या तरुण होत्या त्या आज थकल्या आहेत. मुक्तिलढ्याचेही तसेच. दगडाबाई शेळके यांच्यासारखी काही नावे आपणांला माहीत आहेत. ज्यांनी रात्री भाकरी पोचवल्या, निरोप नेले, त्यांची नावे त्यांच्या घरातच राहिली. एखाद्या नातीने वही घेऊन आजीपाशी बसावे, सांगणारीचे नाव, वय, गाव आणि तारीख लिहावी, दुसऱ्या दोघींना विचारून पडताळावे. तो प्रकल्प होईल, त्याचे श्रेयांक मिळतील, आणि गावाला आपला इतिहासही मिळेल.

शेवटी मंडळापुढे एक मागणी ठेवते. आपण हळदीकुंकवाची यादी ठेवतो, भिशीची वही ठेवतो. तशीच एक वही या वर्षापासून राहिलेल्या पदव्यांची ठेवू या. जिचे शिक्षण मध्येच थांबले असेल तिने आपली गुणपत्रके घेऊन यावे. किती झाले, काय राहिले, मुदत कधीपर्यंत, हे आपण तिघी-चौघी बसून लिहून काढू. लेकीबाळींबरोबर सुनांचीही नावे त्यात यावीत, आणि ती सासूबाईंनी आणून द्यावीत, ही माझी विशेष विनंती. परीक्षेच्या दिवसांत तिचे मूल सांभाळावयाला शेजारीण लागली, तर तेही त्याच वहीत लिहू. पुढच्या वर्धापनदिनी त्या वहीतल्या एका जरी नावापुढे ‘पुरी’ असा शब्द पडला, तरी मंडळाचे हे वर्ष कामी आले असे मी समजेन.