पाय सुजले, मग हृदय का तपासायचं?

आधीच सांगतो, मी आयटीवाला आहे, डॉक्टर नाही. आजचा विषय दमा. आणि दम्याचा फारसा कुणी न बोललेला भाग, म्हणजे हृदय.

माझ्या आईला 30 वर्षांपासून दमा आहे. त्यातली निम्मी वर्षं चुलीच्या धुरात गेली. गेल्या वर्षी तिचे पाय सुजायला लागले. नातेवाइकांचं एकच, "मीठ कमी कर, वय झालं आता." डॉक्टरांनी मात्र टू-डी इको करायला सांगितला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इकोत उजव्या बाजूवर ताण दिसला.

आता हे होतं कसं? हृदयाची उजवी बाजू रक्त फुफ्फुसात ढकलते. फुफ्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. लोड बॅलन्सिंगच म्हणा ना! एखादा सर्व्हर डाऊन असेल तर ही सोय मस्त. पण सगळेच सर्व्हर वर्षानुवर्षं रडत असतील तर? सगळीकडे वाहिन्या आवळलेल्या, प्रेशर वाढलेलं. उजवी बाजू जोर लावून लावून आधी जाड होते, मग थकते. रक्त मागे तुंबतं. पाय सुजतात, मानेच्या शिरा फुगतात. याला कॉर पल्मोनाले म्हणतात.

घाबरू नका, नुसत्या दम्यात हे क्वचित होतं, सीओपीडीत जास्त. पण तीव्र दमा बरीच वर्षं आटोक्यात नसेल तर श्वासनलिकांच्या भिंती जाड होत जातात. मग औषध घेऊनही त्या पूर्ण मोकळ्या होत नाहीत.

इथेच पंपाची गोष्ट येते. साल्ब्युटामॉलचा पंप नलिका तेवढ्यापुरत्या उघडतो, आतली सूज तशीच राहते. वर तो जास्त घेतला की धडधड, हात थरथरणं. सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा पंप, आणि आपल्याकडे नेमका त्यालाच लोक घाबरतात. "सवय लागते" म्हणे! सवय बिवय काही लागत नाही. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, घेतल्यावर चूळ भरायची, बस. दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'जीना'ने 2019 मध्येच सांगितलंय की मोठ्यांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये.

अजून एक, हे मला भारी वाटलं. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीसुद्धा दमा उसळू शकतो. डोळ्यात टाकलेलं औषध, आणि श्वास अडकतो! त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दमा आहे हे सांगायचं. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांचंही तेच.

घरात जुना दमेकरी असेल तर आज त्याच्या घोट्याजवळ अंगठ्याने दाबून बघा. खड्डा पडून तसाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा. आणि बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर गुगल करत बसू नका. पंप द्या, 108 लावा.