सभेत बोलताना

बंगळूरच्या बुल टेंपल रस्त्यावर 'गोखले सार्वजनिक विचार संस्था' आहे. थोर कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापन केली. कोकणातल्या कोतळूक गावी जन्मलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव एका कन्नड विचारवंताने आपल्या संस्थेला द्यावे, याचा आपल्याला अभिमान वाटतो. परंतु चार माणसांपुढे उभे राहिले की ज्यांचे पाय कापू लागतात, त्यांनी या नावाचा निराळ्या दृष्टीने विचार करावा.

गोखले सिंहगर्जना करणारे वक्ते नव्हते. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले. खजिन्यातली शिल्लक हे रयतेच्या भरभराटीचे लक्षण नसून तिच्यावर लादलेल्या जादा करांचे फळ आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. त्या भाषणामागे न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली केलेला कसून अभ्यास होता, गणेश व्यंकटेश जोशी यांनी जुळवलेली आकडेवारी होती, आणि १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे उलटतपासणीला तोंड दिल्याचा अनुभव होता. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? गोखल्यांचा आड काठोकाठ भरलेला होता. म्हणूनच त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

सभाभीतीचे मूळ बहुधा एका प्रश्नात असते: 'लोक मला काय म्हणतील?' त्या जागी 'लोकांना काय कळले पाहिजे?' हा प्रश्न आला, की मन स्वतःवरून उठून विषयावर बसते. गांधीजींचेच पाहा. लंडनच्या शाकाहारी मंडळात त्यांनी लिहून नेलेले विचार दुसऱ्याला वाचून दाखवावे लागले. मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात त्यांना शब्द फुटेना. पुढे दक्षिण आफ्रिकेत आपल्या बांधवांचे गाऱ्हाणे मांडण्याची जबाबदारी अंगावर पडली आणि जीभ मोकळी झाली. मे १९१५ मध्ये याच बंगळुरात गोखल्यांच्या तसबिरीचे अनावरण करून गांधीजी बोलले, तेव्हा संकोची बॅरिस्टर बराच मागे पडला होता. त्या संकोचाने आपल्याला शब्द मोजून वापरायला शिकवले, असे त्यांनीच आत्मकथेत नमूद केले आहे.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. जे सांगायचे ते आधी एका वाक्यात लिहून पाहावे. लिहिता आले नाही, तर तयारी अपुरी आहे असे खुशाल समजावे. पहिले व शेवटचे वाक्य पाठ करावे; मधला भाग मुद्द्यांवर सोपवावा. सगळे भाषण घोकले, तर एक शब्द निसटताच पुढची माळ ओघळते. घरी उभे राहून, घड्याळ समोर ठेवून, मोठ्याने बोलावे. मनातल्या मनात केलेला सराव जिभेच्या उपयोगी पडत नाही. सभेत शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने बोलावे. मुद्दा आठवेना, तर स्वस्थ थांबावे. आपल्याला युगासारखा वाटणारा तो क्षण श्रोत्यांच्या ध्यानातही येत नाही.

आणि यश टाळ्यांनी मोजू नये. गोखल्यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. आपण हरणार हे ठाऊक असूनही त्यांनी आपली बाजू तितक्याच तयारीने मांडली. शिक्षणाचा हक्क घटनेच्या मूलभूत हक्कांत दाखल झाला तो २००२ साली!

ग्रामसभेत, कचेरीच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत पुष्कळदा असे होते, की ज्याला ठाऊक असते तो संकोचाने गप्प बसतो आणि ज्याला ठाऊक नसते तो निर्णय घडवून आणतो. नुकसान मात्र सर्वांचे होते. तेव्हा, श्रोतेहो, पुढच्या सभेत आपल्याजवळ खरी माहिती असेल, तर आवाज थोडा कापला तरी चालेल. पण उठून उभे राहा.