घरी आलेली वटवाघुळे

(केलगेरी येथील वार्षिकोत्सवात झालेले भाषण)



उत्सवाच्या व्यासपीठावरून वटवाघुळांविषयी बोलावे, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु केलगेरीत कौलारू घरे अद्याप पुष्कळ आहेत, तलाव जवळ आहे, आणि तिन्हीसांजेस त्यावर चिलटांचे थवे उठतात. तेव्हा हे पाहुणे आपल्या माळ्यावर यावयाचेच. त्यांना निरोप कसा द्यावा, एवढाच प्रश्न आहे. धुरी देणे, काठीने बडविणे, विषारी औषध फवारणे हे उपाय सर्रास होतात. ते निर्दय तर खरेच, शिवाय व्यर्थही. कारण फट उघडी राहिली की दुसरी वटवाघुळे तेथे येतात आणि मेलेली कौलांखाली कुजतात.

वटवाघूळ हा पक्षी नव्हे. ते पिलांना दूध पाजणारे जनावर आहे. मादीस एका वेळी एक, फार तर दोन पिले होतात. उंदराप्रमाणे ते तुळया कुरतडीत नाही. ते आंधळे असते व माणसाच्या केसांत गुंतते, हे दोन्ही समज खोटे आहेत. आपल्या कानांस ऐकू न येणारे त्याचे बारीक चीत्कार आणि त्यांचे प्रतिध्वनी यांवर ते अंधारात केसाएवढी तारही चुकविते.

आता त्यांस बाहेर काढावयाचे कसे? प्रथम दोन-तीन दिवस सूर्यास्तानंतर अंगणात स्वस्थ बसून ती कोणत्या फटीतून निघतात ते पाहावे. लहान जातीस अंगठ्याएवढी जागा पुरते. मुख्य वाट सोडून बाकीच्या फटी बुजवाव्या. मुख्य वाटेवर बारीक जाळीचा पडदा वरून ठोकून खाली मोकळा सोडावा. आतून येणारे वटवाघूळ जाळीवरून खाली सरपटून सुटते. परतणाऱ्यास मात्र तीच वाट सापडत नाही. आठवडाभराने आत कोणी उरले नाही अशी खात्री करून ती फटही बंद करावी. पण आत न उडणारी पिले असतील, तर यांतले काहीच करू नये. आई रात्री चरावयास जाते आणि पिलू तुळईस लोंबत राहते. त्या वेळी वाट बुजविली तर ते भुकेने मरते.

एखादे वटवाघूळ खोलीत शिरलेच तर आधी पंखा बंद करावा. काठीपेक्षा पंख्यानेच ती अधिक मरत असावीत. मग दिवा मालवावा, आतली दारे लावावी, खिडकी सताड उघडावी. बहुधा थोड्याच वेळात ते आपोआप जाते. उघड्या हाताने त्यास धरू नये. चावलेच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लेंडीही कोरडी झाडू नये; नाकातोंडावर फडके बांधून, पाणी शिंपडून मग ती काढावी. दया म्हणजे बेसावधपणा नव्हे.

आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात बारापेडे नावाची गुहा आहे. तेथील एका वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक दशके ती जात जगात अन्यत्र कोठेही ठाऊक नव्हती. २०११ मध्ये ते रान अभयारण्य झाले. याउलट फळे खाणारी वटवाघुळे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली.

आता घरचीच गोष्ट. मठाच्या जुन्या कोठीच्या कौलांत धुरी द्यावी, अशी काही मंडळींची सूचना आहे. महाप्रसादाचे धान्य तेथे असते, म्हणून त्यांची काळजी रास्तच आहे. परंतु तेथे तूर्त पिले आहेत. ती उडू लागेपर्यंत धान्याची पोती शेजारच्या ओवरीत न्यावी आणि तुळयांखाली जुने गोणपाट अंथरावे. जाळी ठोकण्यास दोन सुतार पुरेत. शिडी मठात आहेच.