ओठांवरील गोंदण : पहिल्या सिटिंगचा खर्च आणि संपूर्ण उपचाराचा खर्च

(रुग्णालयाच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून डायलिसिस, प्रसूतिगृह, नेत्रशिबिरे अशा मोठ्या खर्चाच्या विभागांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आज मात्र त्वचारोग विभागातील एका लहानशा उपचाराविषयी बोलण्याची अनुमती मी अध्यक्षांकडून घेतली आहे. हा उपचार म्हणजे ओठांवरील गोंदण. डॉक्टर त्यास मायक्रोपिगमेंटेशन म्हणतात. शहरातील सौंदर्यकेंद्रांतून हाच प्रकार ओठ गुलाबी करण्यासाठी केला जातो. आपल्याकडे मात्र त्यासाठी येणारे बहुतेक रुग्ण पांढऱ्या कोडाचे असतात. याखेरीज दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियेनंतर व्रण राहिलेले काहीजण आणि भाजल्यामुळे ओठांचा रंग गेलेले काहीजण येतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय बाजू मी डॉक्टरांकडून समजावून घेतली आहे. हिशेबाची बाजू मात्र माझी स्वतःची आहे.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. जगाच्या लोकसंख्येत पांढऱ्या कोडाचे प्रमाण सर्वसाधारणपणे ०.५ ते २ टक्के मानले जाते. हा संसर्गजन्य रोग नव्हे, कुष्ठरोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही आणि तो कोणाच्या पापाचे फळ नाही. पुण्यातील श्वेता असोसिएशन २००१ पासून हेच सांगत आली आहे. २००६ मध्ये सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' या चित्रपटाने तो विषय मराठी घराघरांत नेला. डाग लपविलाच पाहिजे, असे नाही. म्हणूनच आपल्या विभागात उपचारापूर्वी समुपदेशन होते आणि 'काहीही न करणे' हा पर्यायही तितक्याच आदराने सांगितला जातो. परंतु ओठ हे माणसाच्या चेहऱ्यावरील असे स्थान आहे की, बोलताना समोरच्याची दृष्टी तेथेच जाते. स्त्रियांना निदान लिपस्टिकचा आधार असतो. शाळेत शिकविणाऱ्या पुरुष शिक्षकास किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या तरुणास तोही नसतो.

ओठांवरील कोड औषधाने भरून येणे कठीण असते. इतरत्र त्वचेतील केसांच्या मुळांशी रंगपेशींचा साठा असतो व तेथून रंग परत येऊ शकतो. ओठांना केसच नसल्याने हा साठा नाही. अशा वेळी दोन मार्ग उरतात. पहिला, निरोगी त्वचेचे किंवा रंगपेशींचे रोपण. त्याने खरा नैसर्गिक रंग येऊ शकतो; मात्र त्यासाठी शस्त्रक्रियेची सिद्धता लागते. दुसरा मार्ग गोंदणाचा. त्यात लोहाच्या ऑक्साइडपासून केलेले रंग बारीक सुयांनी ओठांच्या आतल्या थरात बसवितात.

येथेच नातेवाईकांचा नेहमीचा प्रश्न येतो : "साहेब, एकदा केलं की संपलं ना?"

हा प्रश्न साहजिक आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातावरील गोंदण जन्मभर टिकले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण त्या गोंदणात काजळीचा, म्हणजे कार्बनचा काळा रंग असे आणि ते हाताच्या जाड त्वचेवर असे. ओठाची त्वचा पातळ, तिची झीज व नवनिर्मिती वेगाने होते. तिला अन्नपाणी, लाळ आणि ऊन यांचा संपर्क अखंड असतो. त्यामुळे ओठांवरील रंग ओसरत जातो. पहिल्या सिटिंगनंतर काही दिवस रंग गडद दिसतो, आठवडाभरात खपल्या निघतात आणि मग खरा रंग कळतो. तो बहुधा फिकट व काही ठिकाणी विरळ असतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी दुसरे सिटिंग करावे लागते. पुढे व्यक्तिपरत्वे एक ते तीन वर्षांनी, काहींना त्याहूनही उशिरा, रंग पुन्हा उजळावा लागतो. म्हणजे हा एक व्यवहार नसून व्यवहारांची मालिका आहे आणि दर विचारणारा माणूस बहुधा मालिकेतील पहिल्याच कड्याचा दर विचारत असतो.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे आपल्या दरपत्रकातील नाहीत. केवळ उदाहरणादाखल सोपे आकडे घेतले आहेत.

समजा, पहिल्या सिटिंगचा आकार ६,००० रुपये आहे. त्यात डॉक्टर व परिचारिका यांचा वेळ, बधिर करण्याचे औषध, रंग, एकदाच वापरून टाकून द्यायच्या सुया, यंत्राचा घसारा आणि वापरलेल्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातून शास्त्रोक्त रीतीने नष्ट करण्याचा खर्च आला. दुसऱ्या सिटिंगचे ३,००० रुपये. रंगाची लहान ठिकाणी घ्यावयाची चाचणी, छायाचित्रे, मलम आणि औषधे मिळून १,००० रुपये. ओठांवर पूर्वी हर्पिसचे फोड येऊन गेले असतील, तर सुयांच्या टोचणीने ते पुन्हा उसळू शकतात. म्हणून त्यावरील प्रतिबंधक गोळ्या आधीपासून द्याव्या लागतात. त्यांचा खर्चही यातच धरला आहे. अशा रीतीने सुरुवातीच्या उपचाराचे १०,००० रुपये झाले.

रुग्ण मात्र एकटा येत नाही. तालुक्याहून एस.टी.ने दोघे येतात, दोघांचा दिवस बुडतो. प्रत्येक खेपेस भाडे व बुडालेली मजुरी मिळून १,५०० रुपये धरले आणि तपासणी, चाचणी, दोन सिटिंग व त्यानंतरच्या दोन पाहण्या अशा सहा खेपा मोजल्या, तर ९,००० रुपये होतात. ही रक्कम आपल्या कोणत्याही पावतीवर दिसत नाही. पुढील पाच वर्षांत रंग दोनदा उजळावा लागला, तर प्रत्येक वेळी ३,००० रुपये उपचाराचे व १,५०० रुपये खेपेचे, म्हणजे आणखी ९,०००. एकूण बेरीज २८,००० रुपये. ज्या कुटुंबाने ६,००० रुपयांची तयारी ठेवली होती, त्याच्यावर साडेचार पटींहून अधिक भार येतो. आणि तो एकदम न कळता हप्त्याहप्त्याने कळतो, हे अधिक क्लेशदायक आहे.

आपण म्हणाल, विमा असेल. तर विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित शब्दांत ठरवून दिलेल्या अपवादांत सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया आणि दिसण्यात बदल करणारे उपचार येतात. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना तेवढी त्यातून वगळली आहे. म्हणजे भाजलेल्या ओठास काही वाव आहे. कोडाच्या ओठास जवळपास नाही. २०१७ मध्ये लागू झालेल्या वस्तू व सेवा करातही सौंदर्यशस्त्रक्रियेस आरोग्यसेवेची सूट नाही. जन्मजात दोष, वाढीतील विकृती व इजा यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करण्याचे काम तेवढे सूटपात्र आहे. दुभंगलेल्या ओठांचा व्रण त्यात बसतो. कोडाच्या बाबतीत मात्र प्रत्येक वेळी लेखापरीक्षकांचा सल्ला घ्यावा लागतो. आणि निर्धन रुग्णांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून महाराष्ट्रात लागू असलेल्या योजनेची मांडणी मुख्यतः राखीव खाटांभोवती आहे, तर हे काम बाह्यरुग्ण विभागात, खुर्चीवर बसवून होते. सारांश, कायद्याच्या व विम्याच्या सर्व चौकटींच्या फटीत हा रुग्ण सापडतो. अशा ठिकाणीच धर्मादाय संस्थेचे कर्तव्य सुरू होते, अशी माझी नम्र धारणा आहे.

मात्र कर्तव्य कसे पार पाडावयाचे, हा खरा प्रश्न आहे. समजा, एखाद्या उदार देणगीदाराने या उपचारासाठी १ लाख रुपये दिले. त्यातून केवळ पहिले सिटिंग विनामूल्य करावयाचे ठरविले, तर १६ रुग्णांना लाभ मिळतो. संपूर्ण मालिकेचा उपचारखर्च, म्हणजे सुरुवातीचे १०,००० व पुढील दोन उजळण्यांचे ६,००० असे १६,००० रुपये प्रत्येकी धरले, तर केवळ ६ रुग्णांना मिळतो. वार्षिक अहवालात १६ हा आकडा ६ पेक्षा निःसंशय शोभून दिसेल. परंतु पहिल्या सिटिंगवर थांबलेला ओठ काही ठिकाणी गडद व काही ठिकाणी विरळ राहतो. पूर्वी पांढरा होता, आता ठिपकेदार होतो आणि लोक अधिकच निरखून पाहतात. अशा १६ जणांना लाभार्थी म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक असेल. माणुसकीच्या दृष्टीने नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीच शिकवितात की, जे देणे आज निर्माण झाले, त्याची तरतूद आजच केली पाहिजे. पैसे दोन वर्षांनी द्यावयाचे असले तरीही. रुग्णाच्या ओठांत पहिली सुई गेली, त्याच क्षणी पुढील सिटिंगे हे आपले देणे झाले. म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे की, या उपचारासाठी येणारी देणगी प्रति सिटिंग न स्वीकारता प्रति रुग्ण, संपूर्ण मालिकेसाठी स्वीकारावी. उजळणीची रक्कम स्वतंत्र तरतूद खात्यात ठेवावी. आणि निधी अपुरा असेल तर रुग्णसंख्या कमी करावी, पण कोणाचाही उपचार अर्ध्यावर सोडू नये. तपासणी, छायाचित्रे व रंगाची चाचणी एकाच दिवशी करून आणि नंतरच्या पाहण्या गावातील डॉक्टरांच्या साहाय्याने व दूरध्वनीवरून करून सहा खेपांच्या तीन खेपा करता येतील. वरील उदाहरणात त्यानेच कुटुंबाचे ४,५०० रुपये वाचतात आणि रुग्णालयास त्याचा फारसा भार पडत नाही.

केवळ सौंदर्यासाठी येणाऱ्यांविषयीही दोन शब्द. त्यांना हिणविण्याचे काहीच कारण नाही; आपला चेहरा आपल्याला आवडावा, ही इच्छा निर्मळ आहे. परंतु त्यांच्याकडून पूर्ण आकार व लागू असेल तो कर घ्यावा आणि होणारी शिल्लक याच निधीत वळवावी.

नातेवाईकांना माझी विनंती आहे की, येथे असो वा अन्यत्र, होकार देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. सांगितलेल्या दरात किती सिटिंग अंतर्भूत आहेत? दुसऱ्या सिटिंगचा आकार वेगळा आहे काय? औषधे व चाचणी त्यात धरली आहेत काय? सुया नव्या व आपल्यासमोर उघडलेल्या असतील काय? सुया पुन्हा वापरल्यास कावीळ ब, कावीळ क आणि एच.आय.व्ही. यांचा धोका असतो; तेथे स्वस्ताई परवडणारी नाही. रंग न जुळल्यास काय, हेही विचारावे. असे रंग लेसरने काढू गेल्यास उलट काळे पडू शकतात, म्हणजे दुरुस्तीचा खर्च मूळ खर्चाहून वाढू शकतो. गोंदणानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही आणि पुढे कधी एम.आर.आय. काढावयाचा झाल्यास तेथील तंत्रज्ञास गोंदणाची कल्पना द्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

एक विनंती विशेष आग्रहाची. लग्न तीन आठवड्यांवर आले असताना मुलीला किंवा मुलाला घेऊन येऊ नये. डाग साधारण वर्षभर स्थिर असल्याखेरीज डॉक्टर सुई हाती घेत नाहीत, कारण वाढत्या कोडात प्रत्येक टोचणीच्या जागी नवा डाग उमटण्याचा संभव असतो. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेला नकार हा उपचाराचाच भाग आहे. त्या नकाराचे शुल्क नसते, पण त्याने वाचणारा खर्च फार मोठा असतो.

देणगीदारहो, आपण आजवर जे दिले, त्याचा पैन् पै हिशेब या अहवालाच्या पुढील पृष्ठांवर आहे. यंदा मी आपल्याकडे एक वेगळी उदारता मागतो आहे : अहवालात लहान आकडा वाचण्याची. 'सहा रुग्ण, संपूर्ण उपचार' ही ओळ आपणांस समाधान देईल, असा मला विश्वास वाटतो. विश्वस्त मंडळाने माझ्या प्रस्तावाचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.