छत्तीसच्या जोड्या

पायथॉन शिकायला घेतलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एक उदाहरण हमखास येतं: दिलेल्या संख्येच्या अवयवांच्या सगळ्या जोड्या छापा. 36 दिली, तर 1 आणि 36, 2 आणि 18, 3 आणि 12, 4 आणि 9, 6 आणि 6.

विद्यार्थी 1 पासून 36 पर्यंत लूप फिरवतो आणि बाकी शून्य आली की जोडी छापतो. पडद्यावर मात्र पाचाऐवजी नऊ जोड्या उमटतात. 4 आणि 9 येऊन गेल्यावर 9 आणि 4 पुन्हा हजर!

उदाहरणातलं सौंदर्य इथेच आहे. जोडीतला एक अवयव वाढला की दुसरा घटतो आणि दोघांची गाठ वर्गमूळापाशी पडते. 6 च्या पुढे नवं काहीच मिळत नाही. छत्तीसला ही बचत किरकोळ वाटेल, पण संख्या दहा लाख असेल तर दहा लाख भागाकारांऐवजी एक हजारात काम भागतं.

मग वर्गमूळापर्यंतच जायचं म्हणून विद्यार्थी रेंजमध्ये 1 आणि 6 लिहितो. पायथॉन त्यातला शेवटचा आकडा धरत नाही, 5 वरच थांबतो, आणि 6 आणि 6 ही जोडी गळते. 40 घालून पाहिलं तर ही चूक दिसतही नाही, कारण 40 ला 6 ने भाग जात नाही. म्हणून चाचणीसाठी एखादा पूर्ण वर्ग घ्यायलाच हवा.

नारायण पंडितांनी 1356 सालच्या ‘गणितकौमुदी’त उलट्या टोकाची, म्हणजे वर्गमूळापासून सुरुवात करणारी रीत दिली आहे. संख्येच्या लगतचा मोठा वर्ग घ्यायचा, त्यातून संख्या वजा करायची. उरलेला आकडाही वर्ग असला की अवयव हाती आले. नसला, तर पुढचा वर्ग. समजा संख्या 899 आहे. 30 चा वर्ग 900, उरला 1, त्याचं वर्गमूळही 1. तिसातून एक वजा केला की 29, मिळवला की 31. हीच जोडी! साध्या लूपला ती अगदी शेवटच्या फेरीत सापडते. फ्रान्समध्ये फर्मा या गणितज्ञानं अशीच रीत 1643 साली मांडली.

303 ची गोष्ट वेगळी. तिची जोडी 3 आणि 101, वर्गमूळापासून लांब. तिथे या रीतीला 18 च्या वर्गापासून थेट 52 च्या वर्गापर्यंत जावं लागतं, तर लूप तिसऱ्याच फेरीत 3 गाठतो.