फांदीला फांदी

(कर्जत येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संपादित)



आज स्टेशनावर उतरलो तर जिन्यापाशी ठाकरवाडीतल्या दोन मावश्या करवंदं घेऊन बसल्या होत्या. एक द्रोण घेतला आणि सहज विचारलं, "कुठली?" मावशी म्हणाली, "आमच्या अंगची वणव्यात गेली. ही पल्याडच्या डोंगराची." माझ्या तासाभराच्या भाषणाचं सार तिनं दोन वाक्यांत सांगून टाकलं. आता मी करायचं ते एवढंच, की तिचं म्हणणं फोड करून सांगायचं.

सुरुवात शेकरूपासून करू. हा आपल्या राज्याचा प्राणी. ज्या भीमाशंकर अभयारण्याची त्याच्यावरून ओळख, ते १९८५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. भीमाशंकर म्हटलं की आपल्या मनात पुणे जिल्हा येतो आणि ते जंगल घाटावरच्यांचं, असं आपण धरून चालतो. पण त्याचा काही भाग ठाणे जिल्ह्यात आहे आणि काही आपल्या रायगडात. खांडसहून गणेश घाटानं किंवा शिडी घाटानं जे चढून गेलेत त्यांना हे पायांनीच कळलेलं असतं. देवळाचा कळस वर असेल, जंगलाचा उंबरठा मात्र कर्जत तालुक्यात आहे.

शेकरू म्हणजे मोठी खार. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट, वजन दोन किलोच्या आसपास. अंग विटकरी, शेपटीचं टोक फिकट. एका घरट्यावर त्याचं भागत नाही. आपल्या टापूत तो अनेक घरटी बांधतो. तीही उंचावर, बारीक फांद्यांच्या टोकाशी, जिथे जड शिकाऱ्याचा भार पेलणार नाही. फळं, फुलं, बिया, झाडांची साल, सगळं त्याला वरच्या वर मिळतं. जमिनीवर उतरायला तो अगदी नाखूश. एका झाडावरून दुसऱ्यावर पाच-सहा मीटरची उडी घेईल, पण दोन झाडांमधलं अंतर उडीपेक्षा वाढलं की त्याचं जंगल तिथंच संपलं. नकाशावर हिरवा रंग पुढे कितीही पसरलेला असो.

म्हणून वृक्षारोपणाच्या आकड्यांनी मी फारसा हरखत नाही. एक जुना आंबा तोडला आणि बदल्यात दहा रोपं लावली, असं आपल्याला सांगतात. रोपं लागली असतील, पण कुठल्या कुठे! आंब्याची फांदी जांभळाला टेकलेली होती, तो पूल गेला. झाडं जरूर मोजा, पण दोन झाडांच्या मधली जागाही मोजत चला.

जोड फक्त फांद्यांचीच असते असं नाही. वळवाच्या दोन सरी पडल्या की राजमाचीच्या रानात काजवे चमकू लागतील आणि मुंबईच्या गाड्यांची रीघ लागेल. काजव्यांचा तो सवाल-जवाब असतो. नर उडता उडता लुकलुकतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. फड रंगतो मोजक्याच रात्री. त्यात मोटारीचे दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश घुसला की सवाल हवेत राहतो आणि जवाब अंधारात. शिवाय पंख फुटलेल्या काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. त्याआधीचे कितीतरी महिने तो अळीच्या रूपात जमिनीवर असतो, पाल्यापाचोळ्याखाली ओलीत, गोगलगायी खात. म्हणजे फेब्रुवारीच्या वणव्यात जूनचे काजवे जळतात.

आणि वणवा आपला आपण लागत नाही. गवत जोमानं फुटेल या समजुतीनं कुणी काडी ओढतो, कुणी शिकारीसाठी रान पेटवतो, कुणी सहलीतली चूल विझवत नाही. भाताच्या रोपांसाठी आपण राबही भाजतो, पण तिथे शेतकरी काठी घेऊन उभा असतो. तो नजरेखालचा जाळ. डोंगर पेटतो तेव्हा नजर ठेवायला कुणी नसतं. गवत पुरतं वाळायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढल्या, तर निम्मं काम तिथंच होतं.

आता पाणी. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून खाली कोसळतं, वीज देतं आणि मग पाताळगंगेला, पेजेला येऊन मिळतं. ज्याचा उन्हाळी भात त्या पाण्याच्या राजनाला कालव्यावर उभा आहे, त्यानं घाटमाथ्यावरच्या रानाला परकं म्हणू नये. माथा उघडा पडला की पावसाबरोबर माती सुटते आणि गाळ होऊन धरणात बसते.

उताराविषयी खालापूरकरांना मी काय सांगावं? १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर डोंगर आला. झाडं असली की दरड कोसळत नाही, असं मी म्हणणार नाही. तसं बोलणं त्या वाडीवर अन्याय करणारं होईल. पण फार्महाऊससाठी उतार कापताना, ओढ्याच्या तोंडावर भिंत घालताना, हा डोंगर खाली कुणाच्या डोक्यावर आहे एवढं तरी पाहावं. माथेरानचा परिसर २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे. कर्जत-खालापुरातला मुलूखही त्यात येतो. प्लॉट घेणाऱ्यानं सातबाऱ्याबरोबर तेवढीही चौकशी करावी.

शेवटची जोड माणसांची. माथेरानचे भाई कोटवाल या भागाला सांगायला नकोत. त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभा केला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात साथीदार हिराजी पाटलांसह प्राण दिले. असं रान वाटा ठाऊक असणाऱ्यांनाच आसरा देतं. त्या वाटा आजही ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांनाच ठाऊक आहेत. वणव्याचा पहिला धूर वाडीला दिसतो, कार्यालयाला नंतर. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला आपलं सामूहिक जंगल राखण्याचा आणि त्याचा कारभार पाहण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काचे कागद पुरे करायला वाडीला मदत करणं हे मी अभयारण्याचंच काम समजतो. करवंद विकून ज्यांचा उन्हाळा निघतो, त्यांच्याइतकी जाळीची काळजी दुसऱ्या कुणाला असणार?

श्रोतेहो, तुमचं गाव घाटाच्या पायथ्याचं आहे. वर जाणारी गाडी इथे थांबते, ३७ फुटांना एक फूट असा चढ चढायचा असतो म्हणून मागून बँकर इंजिनं लागतात. पुढच्या डब्यातला माणूस वडापाव खात असतो. मागे कोण आलं हे त्याला दिसतही नाही. भीमाशंकरचं जंगल वर आहे, त्याचं पुढचं इंजिन घाटावर असेल. पण चढाचा धक्का पायथ्यावरूनच द्यावा लागतो, आणि गाडी कर्जतला थांबते ती याच जोडणीसाठी.